माय फादर आर फार्मर

माझ्याकडे सात वह्या आहेत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या. शहागड आणि आसपासच्या गावांतल्या मुलामुलींनी इंग्रजी लिहिताना केलेल्या चुका मी त्यांत उतरवून ठेवल्या आहेत. प्रत्येक पानावर तीन उभे रकाने. पहिल्यात मुलाने लिहिलेले वाक्य, जसेच्या तसे. तिसऱ्यात दुरुस्त वाक्य. मधला रकाना मुलाच्या मराठीचा. ‘हे लिहिताना तुझ्या मनात काय होतं?’ असे विचारल्यावर त्याने जे सांगितले, ते त्यात. पहिल्या वहीवर १९९६ साल आहे. त्याआधी सहा वर्षे मी इंग्रजीच शिकवत होतो, चुकाही रोजच्या रोज तपासत होतो. मधला रकाना मात्र नव्हता.

शहागड हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले गोदावरीच्या उत्तर काठावरचे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा, गेवराई तालुका. धुळे-सोलापूर महामार्ग गावाला खेटून जातो. आमच्याकडे वडीगोद्री, गोंदी, पाथरवाला अशा गावांतून मुले येत. कुणी सायकलवर, कुणी एसटीने, जवळची पायी. घरी ऊस, कापूस, कुठे मोसंबी. कारखान्याचे गाळप सुरू झाले की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीनंतर वर्गातून नाहीशी होत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. घरी इंग्रजी बोलणारे कुणी नाही, बाहेरही कानावर पडत नाही. इंग्रजी म्हणजे पुस्तक, फळा आणि मी. अशा ठिकाणी इंग्रजी शिकवणाऱ्याच्या हातात लाल पेन आपसूक जड होते.

तो नववीचा वर्ग होता. ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलीने पहिलेच वाक्य लिहिले, ‘माय फादर आर फार्मर.’ मी ‘आर’ला गोल केला, वही हातात धरून वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘काय गं, किती वडील आहेत तुला?’ वर्ग हसला. ती खाली मान घालून उभी राहिली. त्या दिवशी मला त्यात काही गैर वाटले नाही. माझ्या शिक्षकांनीही मला असेच शिकवले होते.

त्यानंतर ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. विचारले तर उभी राही, पण ओठ हलत नसत. सहामाहीच्या आधी वह्या तपासायला घरी आणल्या, तेव्हा तिची वही मी पहिल्या पानापासून चाळली. कुत्र्यावर लिहिले होते, तिथे ‘इज’. धाकट्या भावाविषयी ‘इज’. बैल, विहीर, शाळा, सगळीकडे ‘इज’. आजीविषयी ‘आर’. मुख्याध्यापकांविषयी ‘आर’. वडिलांविषयी पुन्हा ‘आर’. मी दोनदा पाहिले. कुठेही घोळ नव्हता. सबंध वहीत एकदाही तिने धाकट्या भावाला ‘आर’ लावले नव्हते आणि एकदाही आजीला ‘इज’ म्हटले नव्हते.

ती नियम पाळत होती. माझे वडील शेतकरी आहेत. आजी म्हाताऱ्या झाल्या आहेत. सर शिकवत आहेत. वडीलधाऱ्या माणसाला आपण मराठीत बहुवचन लावतो, आदरार्थी बहुवचन, आणि ते व्याकरण तिला आईच्या दुधाबरोबर मिळाले होते. ‘इज’ म्हणजे ‘आहे’, ‘आर’ म्हणजे ‘आहेत’, हे मीच तिला पाचवीपासूनच्या उजळणीत घोकून घेतले होते. या दोन गोष्टी तिने जोडल्या. ‘माय फादर इज फार्मर’ म्हणजे तिच्या कानाला ‘माझा बाप शेतकरी आहे’. बापाला अरे-तुरे करायला ती तयार नव्हती, आणि मी भर वर्गात तिला विचारत होतो की तुला किती बाप.

त्या रात्री मी पहिली वही केली.

नंतरच्या वर्षांत हेच वाक्य कितीतरी मुलांनी लिहिले. आता मी फळ्यावर दोन वाक्ये लिहितो. एक, ‘यू आर अ टीचर.’ दुसरे, ‘तुम्ही शिक्षक आहात.’ आणि विचारतो, मी एकटाच उभा आहे ना, मग इंग्रजीत ‘आर’ कसा काय आला? मुले गप्प होतात. मग सांगतो, इंग्रजीतही जुन्या काळी एकट्या माणसासाठी ‘दाऊ’ असा निराळा शब्द होता, आपल्या ‘तू’सारखा. ‘यू’ अनेकांसाठी होता. मोठ्या माणसाला मान द्यायला इंग्रजही अनेकवचन वापरू लागले, आणि होता होता सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागले. ‘तू’ भाषेतून जवळजवळ गेला, राहिला तो ‘तुम्ही’. म्हणजे आदराचे बहुवचन त्यांनीही केले, फक्त समोरच्या माणसापुरते. वडील समोर असतील तर ‘आर’, वडिलांविषयी दुसऱ्याशी बोलायचे तर ‘इज’. एवढे सांगितले की आठवीतले पोरही पुन्हा चुकत नाही. कारण वडिलांचा मान गेला नाही, हे त्याला समजलेले असते.

१९६७ साली एस. पी. कॉर्डर नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने शिकणाऱ्यांच्या चुकांचे महत्त्व सांगणारा निबंध लिहिला. मूल आपल्या मनाशी भाषेचे नियम बांधत असते आणि चूक ही त्या बांधणीची खूण असते, असे त्याचे म्हणणे. तो मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळाला. बीएडला तो कुणी शिकवला असता तर त्या मुलीला मी भर वर्गात उभे केले नसते.

मधल्या रकान्याने मला पुष्कळ काही दिले. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स.’ मराठी विचारली की उत्तर ठरलेले, ‘मी इथं दोन वर्षांपासून राहतो.’ आपला ‘पासून’ दोन्ही कामे करतो. सोमवारपासून आणि दोन दिवसांपासून, एकच शब्दयोगी अव्यय. इंग्रजीला सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ लागतो आणि मधले अंतर मोजायचे तर ‘फॉर’. मुलाला ‘सिन्स म्हणजे पासून’ असे शिकवले की चूक आम्हीच पेरलेली असते. शिवाय तो अजून इथेच राहतो, म्हणून त्याला वर्तमानकाळ योग्य वाटतो, आणि मराठीत तो योग्यच आहे.

‘दो इट वॉज रेनिंग बट ही केम.’ हे ‘जरी’ आणि ‘तरी’चे जोडपे. मराठीत एकाला आणले की दुसरा मागून येतोच. जेव्हा-तेव्हा, जसे-तसे, जो-तो. इंग्रजीत ‘दो’ आला की ‘बट’ला बाहेर थांबावे लागते. ‘आय लिव्ह इन शहागड ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. ‘मी शहागडलाच राहतो.’ त्या एका अक्षराला इंग्रजीत शब्द नाही, आवाजाच्या जोरावर भागवतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ म्हणजे ‘माझा एक मित्र’. ‘स्मॉल स्मॉल चिल्ड्रन’ म्हणजे ‘लहान लहान मुलं’. ‘कझिन ब्रदर’ची तर मला कधी मनापासून दुरुस्ती करवत नाही. आमच्या मुलांना चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार भाऊ असतात आणि त्या सगळ्यांना एकाच शब्दात बसवायचे, तोही भाऊ की बहीण हे न सांगता, याचा त्यांना खरोखर त्रास होतो.

‘बॉईज प्लेज ऑन द ग्राउंड’ आणि ‘द बॉय प्ले’ या चुकांना मी सुरुवातीला निव्वळ हलगर्जीपणा समजत होतो. तृतीय पुरुषी एकवचनाला ‘एस’ लागतो, हे शंभरदा सांगूनही मुले उलटे करतात कसे? एका पोराने मला ते समजावून दिले. तो म्हणाला, ‘सर, बॉयला एस लावला की बॉईज, म्हणजे लई पोरं. मग प्लेला पण लावावा लागल ना? लई पोरं खेळायलेत.’ त्याचे अगदी बरोबर होते. मराठीत मुलगा खेळतो, मुलगी खेळते, मुले खेळतात. कर्ता बदलला की क्रियापद त्याच्यासारखे बदलते. ‘एस’ ही अनेकवचनाची खूण आहे असे नामाच्या धड्यात शिकवून झाले होते. मग तीच खूण क्रियापदावर आल्यावर तिचा अर्थ उलटा होतो, हे त्याने कुठून ओळखायचे? इंग्रजीने एकेकाळी क्रियापदांना बरेच प्रत्यय लावले आणि मग सगळे गाळून टाकले. एवढा एक ‘एस’ उरला, तोही पोरांना चकवणाऱ्या जागी. आता मी नामाचा ‘एस’ आणि क्रियापदाचा ‘एस’ एकाच आठवड्यात शिकवत नाही. मध्ये पंधरा दिवस जाऊ देतो.

आमच्या बाजूच्या बोलीचाही यात हात आहे. मराठवाड्यात ‘मी जातोय’ म्हणत नाहीत, ‘जायलो’ म्हणतात. पाऊस ‘पडायलाय’, पोर ‘रडायलंय’. आणि धडा समजला नाही की मूल म्हणते, ‘सर, कळायलं नाही.’ त्याचे इंग्रजी होते ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.’ पुस्तक सांगते की समजणे, माहीत असणे, जवळ असणे या क्रियापदांना ‘आयएनजी’ लावू नये. पण ज्याच्या बोलीत न कळणेसुद्धा चालू असते, त्याला हे नुसते नियम म्हणून सांगून उपयोग नाही. दोन्ही वाक्ये शेजारी मांडावी लागतात. ‘ही हॅज गॉन टू पुणे यस्टर्डे’ हेही तसेच. ‘तो काल पुण्याला गेलाय’ हे निर्दोष मराठी आहे. इंग्रजीत ‘काल’ आणि ‘गेलाय’ एका वाक्यात नांदत नाहीत.

निरोप घेण्याची गंमत सांगतो. तास संपल्यावर एक पोरगा दारात थांबून म्हणाला, ‘सर, आय कम?’ मी म्हटले, ‘ये की आत.’ तो गोंधळला. त्याला घरी जायचे होते. आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. घरातून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी ‘जातो’ हा शब्द नको असतो. ही चूक मी वहीत लिहिली, पण तिसरा रकाना कोराच ठेवला. ‘आय ॲम गोइंग’ लिहिले तर त्यातला परत येण्याचा भाग निघून जातो.

‘राहणे’ या क्रियापदासाठी मी दरवर्षी एक अख्खा तास देत असे. सुरुवात झाली ती एका रजेच्या अर्जावरून. ‘आय रिमेन्ड ॲबसेंट.’ मग ‘माय नोटबुक रिमेन्ड ॲट होम.’ मग ‘टू लाइन्स आर रिमेन्ड.’ मी मुलांनाच विचारले, आपण ‘राहणे’ कुठे कुठे वापरतो? फळा भरून गेला. आम्ही शहागडला राहतो. वही घरी राहिली. आजारी होतो म्हणून घरी राहिलो. दोन ओळी लिहायच्या राहिल्या. मामाकडे राहायला गेलो. पाऊस थांबायचा राहिला. असू दे, राहू दे. म्हैस राहिली, म्हणजे गाभण राहिली, हे एका शेतकऱ्याच्या मुलाने सांगितले. यातल्या जवळपास प्रत्येक वाक्याला इंग्रजीत वेगळे क्रियापद लागते. लिव्ह, लेफ्ट, स्टेड, फरगॉट, लेट इट बी. नुसते ‘राहणे म्हणजे रिमेन’ असे पाठ केले तर सहापैकी पाच वेळा चूक होणार, यात मुलाचा काय दोष? ‘लावणे’ तसेच. झाड लाव, दिवा लाव, दार लाव, फोन लाव, नंबर लाव, सवय लाव. दिवा लावला की उजेड होतो, दार लावले की बंद होते, आणि मुलगा दोन्हीला ‘अप्लाय’ लिहितो, कारण शब्दकोशात तो पहिला सापडला.

शब्दाला शब्द नसतो, वाक्याला वाक्य असते. मुलांना एवढेच पटवायचे असते.

रजेच्या अर्जावरून आणखी एक आठवण. २००६ साली पावसाळ्यात जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडला, गोदावरीने पात्र सोडले आणि काठच्या सखल भागांत पाणी शिरले. शाळा पुन्हा भरल्यावर आठवीतल्या एका मुलाने अर्ज दिला. स्वच्छ अक्षर, एकही चूक नाही. तापाने आजारी असल्यामुळे चार दिवस येऊ शकलो नाही, असा मजकूर. मला ठाऊक होते की त्याची वस्ती नदीच्या कडेला आहे. मी विचारले, ‘बाळा, ताप आला होता का खरंच?’ तो म्हणाला, ‘नाही सर. पाणी आलं होतं. पण पाण्याचं इंग्रजी येत नव्हतं. तापाचं पाठ होतं.’

मी त्याला बसवून घेतले आणि म्हटले, जमेल तसे लिही. त्याने लिहिले, ‘वॉटर केम इन अवर हाऊस. वुई टेकन ग्रँडमदर ऑन शोल्डर.’ दोन वाक्ये, तीन-चार चुका. ‘टेकन’ चूक, ‘ऑन शोल्डर’ अपुरे, ‘इन’ ऐवजी ‘इन्टू’ हवे. त्या वर्षी माझ्या हाती आलेल्या शेकडो वाक्यांत ही दोन मला सर्वांत मोलाची वाटली. ती त्याची होती. तापाचे वाक्य गाइडाचे होते.

तेव्हापासून निर्दोष वही दिसली की मी सावध होतो. परीक्षेच्या निबंधात गाइडातले परिच्छेद जसेच्या तसे उतरवणाऱ्या मुलाची चूक होत नाही, कारण तो काही म्हणतच नसतो. चूक तिथेच होते जिथे मूल स्वतःचे काही सांगू पाहते. चुकीची भीती घातली की ते सांगणे थांबवते आणि पाठ केलेला ताप लिहून देते. आपण त्याला पैकीच्या पैकी गुण देतो.

हे दुखणे आजचे नाही. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले जी. सी. व्हिटवर्थ यांनी १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ या नावाचे पुस्तक काढले. त्यात भारतीयांच्या लिखाणातल्या इंग्रजी वाक्प्रयोगांच्या चुका गोळा केल्या आहेत. ती शाळकरी पोरांची वाक्ये नव्हेत, इंग्रजीवर चांगली हुकूमत असलेल्या, शिकल्यासवरल्या माणसांची आहेत. व्हिटवर्थ यांचा सूर हिणवण्याचा नाही. एवढे प्रभुत्व मिळवणाऱ्यांच्या लिखाणात इतक्या बारीक चुका राहाव्यात याची त्यांना हळहळ वाटते. पुस्तकाची संगणकावरची प्रत वाचताना मला दिसले की त्यांनी टिपलेल्या प्रकारच्या कितीतरी चुका माझ्या वह्यांत आहेत. शंभर वर्षांत शाळा वाढल्या, पुस्तके बदलली, ‘तर्खडकर’ जाऊन ‘रेन आणि मार्टिन’ आले, आणि आपल्या भाषांचे व्याकरण मात्र आपल्या इंग्रजीखाली जिथल्या तिथे आहे. ते हलणारही नाही. मराठी ज्याची आई आहे त्याच्या इंग्रजीला मराठीचा वास येणारच.

आमच्या भागाला तर परक्या भाषेपुढे उभे राहण्याची सवय जुनीच. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेच उर्दू माध्यमाचे. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांनी शेताचे व्यवहार मराठीत केले आणि अर्ज उर्दूत लिहून घेतले. १९४८ च्या १७ सप्टेंबरला आपण मोकळे झालो. दहा वर्षांनी औरंगाबादला विद्यापीठ आले. अर्ज लिहून देणारा माणूस मात्र गेला नाही. आजही शहागडच्या बसस्थानकाजवळ कुणी तरी कुणाकडून तरी इंग्रजी अर्ज भरून घेताना दिसते. तसे पाहिले की मला माझ्याच कामातली कसर दिसते.

२००० सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ती मुले माध्यमिकला माझ्याकडे आली, तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने वाट पाहत होतो. रंगांची, प्राण्यांची, फळांची नावे त्यांना येत होती. गाणीही पाठ होती. उच्चार आमच्या पिढीपेक्षा नक्कीच बरे. पण वाक्य विचारले की तीच शांतता. चुका तर हुबेहूब त्याच. चार वर्षे जास्त मिळाली ती शब्दांना, वाक्याला नाही. माझे मत असे की खालच्या वर्गात मुलाला दिवसातून स्वतःचे एक वाक्य बोलू द्यावे, चुकले तर चुकू द्यावे, आणि शंभर शब्दांचे तक्ते भिंतीवरून उतरवले तरी चालतील.

निवृत्तीनंतर मी सकाळी सहा वाजता गावातल्या अभ्यासिकेत बसतो. तिथे तलाठी भरतीची तयारी करणारी तरुण मुले-मुली येतात. त्या परीक्षेत चार विषयांचे प्रत्येकी २५ प्रश्न, एकूण २०० गुण; त्यांत इंग्रजीचे ५०. चूक ओळखण्याचे प्रश्न हमखास. एका वाक्याचे तीन-चार तुकडे करतात, कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचे, आणि शेवटचा पर्याय ‘चूक नाही’.

या मुलांना नियम भरपूर पाठ आहेत. मी सरावाला दिले, ‘वन ऑफ द फार्मर, फ्रॉम अवर व्हिलेज, हॅज डग, अ न्यू वेल.’ सगळ्यांनी बरोबर पहिला तुकडा धरला. दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य दुरुस्त करून दिले, ‘वन ऑफ द फार्मर्स फ्रॉम अवर व्हिलेज हॅज डग अ न्यू वेल.’ बावीस जणांपैकी सोळा जणांनी ‘हॅज’वर खूण केली. ‘फार्मर्स’ अनेकवचनी, म्हणजे ‘हॅव’ हवे. विहीर एकाच शेतकऱ्याने खोदली आहे, हे त्यांनी वाचलेच नव्हते. वाक्य वाचण्याआधीच त्यांची नजर चूक शोधत होती. मग मी ‘चूक नाही’ हेच उत्तर असलेली दहा वाक्ये सलग दिली. एकालाही दहाही बिनचूक ओळखता आली नाहीत. एक मुलगी कळवळून म्हणाली, ‘सर, बरोबर असलं तरी बरोबर म्हणायला भीती वाटते.’

शाळेत मिळालेली ही भीती आहे. ज्याने बरोबर वाक्ये पुरेशी ऐकली आहेत त्यालाच चूक खटकते. नुसत्या चुका शोधणाऱ्याला सगळेच खटकते. आता आमचा पहिला अर्धा तास मोठ्याने वाचण्यात जातो. साधी, निर्दोष, आमच्या जगातली वाक्ये. ‘द गोदावरी फ्लोज ईस्ट.’ ‘शहागड स्टँड्स ऑन इट्स बँक.’ नदीला ‘द’ लागतो, गावाला लागत नाही, हे अशा वाचनाने कानात बसते. नियम नंतर सांगतो. मोसंबीचा बहर, कापसाची वेचणी, कारखान्याचे गाळप यांवरची वाक्ये मीच रचतो. पुस्तकातल्या बर्फाच्या आणि ख्रिसमसच्या वाक्यांत त्यांना चूक दिसत नाही, कारण आधी वाक्याचे चित्रच दिसत नाही.

अलीकडे मधल्या रकान्यातही मला चुका सापडू लागल्या आहेत. ‘मी तुमची मदत करतो’, ‘त्याने बस पकडली’, ‘माझ्याद्वारे हे केलं गेलं’. काही हिंदीचे, काही इंग्रजीचे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा त्यांना इंग्रजी वळणाच्या मराठीचीच काळजी लागली होती. मराठी डळमळली तर मधला रकाना बिनकामाचा होईल. ज्याला ‘मी तुम्हाला मदत करतो’ पक्के येते, त्याला इंग्रजीतला फरक दाखवता येतो. ज्याचे दोन्हीकडे कच्चे आहे त्याला कशाच्या शेजारी काय मांडून दाखवू? म्हणून इंग्रजीच्या तासाला मी मराठी बंद करत नाही, आणि कुणी करू नये असे मला वाटते.

तरुण शिक्षक भेटायला येतात, वह्या मागतात. मी देतो. एवढेच सांगतो की तिसरा रकाना घाईने भरू नका. मुलाच्या शेजारी बसा, पेन खिशात ठेवा आणि म्हणा, ‘हेच आता मराठीत सांग बरं.’ बहुतेक वेळा ते सांगता सांगताच मुलाला स्वतःची चूक दिसते.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत ‘माय फादर आर फार्मर’ आहे. मधला रकाना तिने सांगितलेला नाही, मी माझ्या मनाने भरला, कारण तिला विचारण्याचे धाडस मला झाले नाही. ती दहावीला इंग्रजीत पास झाली, त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले आणि ती नदीपलीकडे सासरी गेली. वर्गात ती आणखी दीड वर्ष माझ्यासमोर, खिडकीजवळच्या बाकावर बसत होती. तिची माफी मागायची राहिली.